साखळी तोडणारा जंजीर

मुलांनो,

गेल्या आठवड्यात दर्यापूरहून एका छोट्या मैत्रिणीचं पत्र आलं. पोस्टकार्डावरची जागा संपली म्हणून शेवटची ओळ तिने पत्त्याच्या बाजूला उभी लिहिलीय. "बाई, आमचा कुत्रा माझं काही म्हणता काही ऐकत नाही. अंगावर उड्या मारतो, आईच्या चपला नेतो. बाबा म्हणतात, याला सोडून देऊ. तुम्ही काहीतरी सांगा."

ते 'सोडून देऊ' वाचलं आणि माझ्या चौथीच्या वर्गाच्या वह्या त्या दिवशी तपासायच्या तशाच राहिल्या. कारण हे वाक्य मी सातवीत असताना आमच्याही घरात ऐकलं होतं. तेव्हा मला कोणी सांगणारं भेटलं, म्हणून आज मी तुम्हांला सांगू शकते.

आमच्या कुत्र्याचं नाव होतं जंजीर. या नावाची एक गोष्ट आहे. मुंबई पोलिसांकडे जंजीर नावाचा एक लॅब्रॅडॉर कुत्रा होता. 1993 साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा त्याने नुसत्या नाकाच्या जोरावर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढलं. शिवाय शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब. किती माणसांचे प्राण वाचले असतील याचा हिशेबच नाही. नोव्हेंबर 2000 मध्ये तो वारला आणि त्याला पोलीस इतमामाने निरोप देण्यात आला. फुलं वाहिलेल्या त्या कुत्र्याचा फोटो पेपरात आला होता. बाबांनी तो आम्हांला दाखवला. आई पोळ्या लाटता लाटता थांबली आणि पदराने डोळे पुसू लागली, एवढं आठवतं.

त्यानंतर पंधराच दिवसांत मला अमरावतीच्या सायन्सकोर मैदानाजवळ नालीच्या काठाला एक पिल्लू दिसलं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि थंडीने नुसतं लटलट कापत होतं. मी ते दप्तरात घालून घरी आणलं. नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. जंजीर!

आता जंजीर म्हणजे साखळी. आमच्या जंजीरने पहिल्या सहा महिन्यांत दोन साखळ्या तोडल्या, एक पट्टा चावून खाल्ला आणि नायलॉनच्या दोरीची गाठ तोंडाने सोडायला शिकला. आजी म्हणायची, "याचं नाव सुतळी ठेवलं असतं तं बरं झालं असतं. तीबी तुटते, हाबी तोडते."

तो वाईट कुत्रा नव्हता हो! त्याच्या अंगात फक्त जरा जास्त जीव होता. दूधवाल्याची सायकल गल्लीच्या टोकाला वळली की हा इकडे अंगणात गोल गोल धावायला लागायचा. कोणी घरात आलं की दोन्ही पाय थेट त्याच्या छातीवर. आलेला माणूस हसला की यालाही आनंद आणि ओरडला की दुप्पट आनंद. वाळत घातलेले कपडे, वडे टाकलेलं प्लास्टिक, बाबांचा ऑफिसचा डबा, सगळं त्याला खेळण्यासारखं वाटायचं. आणि आम्ही भावंडं? आम्ही टाळ्या वाजवायचो. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते ना, आम्ही तसेच जंजीरमागे धावायचो. फक्त आमच्या हातात वाटीऐवजी आईचं लाटणं असायचं आणि तेही आईपासून वाचवायला आणलेलं.

मग 2001 चा तान्हा पोळा आला.

आपल्या वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात, हे तुम्हांला मी सांगायला नको. आमच्या शेजारी एक छोटू राहायचा. पहिलीत होता. त्याच्या आबाजीने त्याला नवा कोरा बैल आणला होता, चाकांचा, गळ्यात घुंगरांचा. छोटू दोरी ओढत आमच्या दारावरून निघाला. घुंगरं वाजली. जंजीर अंगणातून सुटला तो सरळ बैलावर. छोटूने बैल छातीशी धरला, जंजीरने उडी मारली आणि त्या झोंबाझोंबीत छोटूच्या मनगटाला दात लागला. फार नाही, करंगळीएवढा ओरखडा. पण रक्त आलं.

इथे मला एक गोष्ट कबूल करायचीय. जंजीरला आम्ही रेबीजची लस दिलेली नव्हती. 'देऊ, देऊ' करत महिने गेले होते. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की ती द्यायची असते आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. आमच्या घरात कोणालाच हे माहीत नव्हतं असं नाही. बाबांना माहीत होतं. राहून गेलं, एवढंच. आणि आमच्या या राहून जाण्याचं इंजेक्शन छोटूला घ्यावं लागलं.

त्या वेळी आमच्याकडे सरकारी दवाखान्यात ती इंजेक्शनं पोटात द्यायचे. रोज एक. ती जुनी लस आपल्या देशात पुढे तीन-चार वर्षांतच बंद झाली. आता मिळते ती लस दंडात घेतात, मोजक्या दिवशी, आणि तिचा त्रासही फारसा नसतो. पण 2001 साली छोटू रोज सकाळी आईचा हात धरून निघायचा आणि तासाभराने पोट धरून परत यायचा. मी खिडकीच्या पडद्याआडून बघायची. समोर जायची माझी हिंमत नव्हती.

पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. कुत्रा चावला किंवा नुसता दात लागला, तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट असलं काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग होऊ देत नाही. 1885 साली लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा दिली आणि तो वाचला. छोटूपेक्षा तीनच वर्षांनी मोठा होता तो.

डॉक्टरांनी आम्हांला सांगितलं, "कुत्रा दहा दिवस बांधून ठेवा, लक्ष ठेवा. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता असं समजायचं." ते दहा दिवस! जंजीर पाणी पितो की नाही, भाकरी खातो की नाही, हे मी दिवसातून वीस वेळा पाहायची. शेजारचे आबाजी रोज सकाळी कुंपणापाशी येऊन विचारायचे, "कसा हाय वं कुत्रा?" मी म्हणायची, "खाल्लं आबाजी, पूर्ण खाल्लं." ते मान हलवून आत जायचे. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी छोटूची पुढची इंजेक्शनं थांबवली. लगेच आम्ही जंजीरला लस टोचून आणली.

पण त्याने प्रश्न मिटला नाही. छोटूची आई गल्लीतल्या चार बायकांना घेऊन आमच्याकडे आली. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघतो. नाही सुधारला, तर सोडून देऊ मामाच्या शेतावर." मामाचं शेत अंजनगाव सुर्जीकडे. मी रात्रभर रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंपणापलीकडून हाक आली. "इकडे ये वं पोरी."

छोटूचे आबाजी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मला एवढंच माहीत होतं. ते नोकरीत काही वर्षं श्वानपथकात होते हे मला त्या दिवशी कळलं. म्हणाले, "कुत्रं शेतात सोडून देल्ल्यानं आमच्या पोट्ट्याचं भेव जाते काय? ते तं त्याच्या मनात राह्यते. मोठा झाला तरी कुत्रं दिसलं का पळन. त्यापेक्षा याले शिकवू. पण आधी तुमच्या घरच्यायले शिकवा लागन."

घरच्यांना? मला हसूच आलं. पण आबाजींनी विचारलं, "कुत्र्यानं खाली बसावं म्हणून तुमच्या घरी काय म्हणता?" मी आठवू लागले. आई म्हणायची 'बस'. बाबा म्हणायचे 'सिट'. भाऊ 'बैस ना बे'. आजी 'बस रे बापा एक जागी'. आणि मी 'बस बस बस बस'. आबाजी म्हणाले, "आता सांग, त्या मुक्या जनावरानं कोन्ती भाषा शिकाची?"

त्या रात्री आमच्या घरात बैठक झाली. बसण्याला 'बस', जागेवर राहण्याला 'थांब', जवळ येण्याला 'ये', आणि मोकळं सोडण्याला 'झालं'. चार शब्द. पाटीवर लिहून स्वयंपाकघरात टांगले. आजीला 'रे बापा' सोडायला पंधरा दिवस लागले.

'बस' कसं शिकवायचं ते तुम्हांला सांगते, कारण हे तुम्ही आज संध्याकाळीही करू शकता. ज्वारीच्या शिळ्या भाकरीचे नखाएवढे तुकडे करायचे. कुत्रा भुकेला असताना एक तुकडा त्याच्या नाकासमोर धरायचा आणि हळूच वर, डोक्याच्या मागच्या बाजूला न्यायचा. नाक वर गेलं की शेपटीकडची बाजू आपोआप खाली टेकते. टेकली रे टेकली की 'बस' म्हणायचं आणि तुकडा तोंडात. त्याच क्षणी! तुम्ही आधी आईला हाक मारून दाखवत बसलात तर कुत्रा तोवर उठलेला असतो, आणि त्याला वाटतं की भाकरी उठल्याबद्दल मिळाली. कंबर दाबून बसवायचं नाही. आबाजी म्हणायचे, दाबलं की ते दबते, शिकत नाही.

पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी जंजीर 'बस' म्हटल्यावर बसला. मी इतकी ओरडले की तो घाबरून पलंगाखाली गेला.

उड्या मारणं मात्र सहजासहजी सुटेना. त्यावर आबाजींचा उपाय फार सोपा आणि फार कठीण होता. कुत्र्याने उडी मारली की पाठ फिरवून खांबासारखं उभं राहायचं. बोलायचं नाही, ढकलायचं नाही, बघायचंही नाही. चारही पाय जमिनीवर आले की मगच लाड. सोपा अशासाठी की काही करायचंच नाही. कठीण अशासाठी की हे घरातल्या प्रत्येकाने, प्रत्येक वेळी करायचं. नऊ जण खांब झाले आणि दहाव्याने 'अले माजं सोनं' केलं की नऊ जणांची मेहनत पाण्यात. आमच्याकडे तो दहावा माणूस म्हणजे माझा भाऊ. त्याला मी आईकडून दोनदा बोलणी बसवली, तेव्हा कुठे तो खांब झाला.

आणि एक चूक माझी. मोठी चूक. एकदा जंजीरने माझ्या शाळेच्या नव्या बुटाची जीभ चावून टाकली. मी त्याला 'ये' म्हटलं. तो बिचारा शेपटी हलवत आला. आणि मी त्याला बुटाने मारलं. आबाजींनी कुंपणावरून ते पाहिलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बूट चाबला तवा तं तू नोहती. आता तो आला तं तू मारलं. मंग त्यानं काय शिकलं?"

तो शिकला होता की 'ये' म्हटलं की मार बसतो. चार दिवस तो माझ्याजवळ आला नाही. मी 'ये' म्हणायची आणि तो कान पाडून लांब उभा राहायचा. भाकरी दाखवली तरी नाही. पाचव्या दिवशी मी अंगणात नुसती बसून राहिले, पुस्तक वाचत, त्याच्याकडे पाठ करून. बऱ्याच वेळाने पाठीला ओलं नाक लागलं. मुलांनो, आज माझ्या वर्गात एखादं पोर गृहपाठ न करता खरं सांगायला माझ्याजवळ येतं ना, तेव्हा मला ते ओलं नाक आठवतं आणि मी आवाज खाली घेते.

पुढे बारावीनंतर मी डी.एड.ला गेले. तिथे शैक्षणिक मानसशास्त्राच्या पुस्तकात थॉर्नडाइक भेटला. सिद्धतेचा नियम, सरावाचा नियम, परिणामाचा नियम. त्याने मांजरांना पेटीत ठेवून प्रयोग केले होते. मग पावलॉव्ह आला, रशियाचा. खाण्याआधी ठरावीक आवाज ऐकवत गेलं की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्याने दाखवलं. सगळा वर्ग व्याख्या पाठ करत होता आणि मी गालातल्या गालात हसत होते. भुकेला असताना शिकव, रोज थोडं थोडं कर, बरोबर केलं की लगेच बक्षीस दे! आमच्या आबाजींनी कुंपणावर टेकून, तंबाखू मळता मळता हे तिन्ही नियम सांगून टाकले होते. पावलॉव्हच्या कुत्र्याचं म्हणाल, तर आमच्या भाकरीच्या डब्याचं झाकण वाजलं की जंजीरच्या लाळेने फरशी ओली व्हायची.

आता राहिला 'थांब'. इथे छोटू आला.

पोळ्यानंतर तो अंगणात उतरतच नव्हता. व्हरांड्याच्या जाळीमागे बसून आमचं शिकवणं बघायचा. आबाजींनी त्याला एक काम दिलं. "तू तिथूनच मोज. तू मोजत राहशीन तोवर कुत्र्यानं बसून राहाचं. तू 'झालं' म्हटलं का सुटन." छोटू पहिलीत. मोजायला लागला. एक, दोन, तीन... सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, वीस, एकवीस... पुन्हा एकोणतीस, पुन्हा वीस! जंजीर आपला बसलेला, मान वाकडी करून जाळीकडे बघत. या हिशेबाने आमचा कुत्रा आठवडाभरातच चांगली दोन-दोन मिनिटं थांबायला शिकला. छोटूला तीस कधी सापडेल यावर त्याची सुटका अवलंबून होती ना!

हळूहळू छोटू जाळीतून पायरीवर आला. पायरीवरून अंगणात. दसऱ्याच्या सुमारास एके दिवशी त्याने हात लांब करून, तोंड दुसरीकडे फिरवून, भाकरीचा तुकडा पुढे धरला. तळहात सपाट, आबाजींनी शिकवला तसा. जंजीरने ओठांनी अलगद उचलला. छोटूने हात बघितला. पाचही बोटं होती. मग त्याने ती मोजली.

दिवाळी आली. फटाक्यांच्या आवाजाने जंजीर दोन दिवस पलंगाखालून बाहेर आला नाही, तेवढं सोडलं तर सगळं शांततेत पार पडलं. मामाच्या शेताचा विषय बाबांनी काढला नाही. मीही काढला नाही.

जानेवारी 2002 मध्ये अकोल्याला कुत्र्यांचं एक प्रदर्शन भरणार असल्याचं मावशीचं पत्र आलं. मावशी अकोल्याला जठारपेठेत राहायची. त्या प्रदर्शनात गावठी कुत्र्यांचाही एक वेगळा गट होता. आबाजींचे डोळे चमकले. एका ओळखीच्या टेम्पोने आम्ही निघालो. पुढे ड्रायव्हरजवळ मी, आबाजी आणि मांडीवर छोटू. मागे सरकीच्या पोत्यांजवळ जंजीर, कधी नव्हे तो गप्प. तेव्हाचा तो रस्ता म्हणजे काय सांगू! बडनेरा सोडल्यापासून मूर्तिजापूर येईपर्यंत माझं डोकं छताला किती वेळा लागलं ते छोटू मोजत होता. याच अमरावती-अकोला मार्गावर 2022 च्या जून महिन्यात 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात नोंद झाली. मी ती बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा डोक्यावरून हात फिरवला.

प्रदर्शनाचं मैदान म्हणजे कुत्र्यांचं लग्नघरच. पांढरेशुभ्र पॉमेरेनियन पावडर लावून आलेले. अल्सेशियन ताठ मानेने बसलेले. एक ग्रेट डेन तर छोटूच्या डोक्याहून उंच. एका बाजूला सडपातळ, लांब तोंडाचे, बाणासारखे कारवान कुत्रे होते. आपल्या महाराष्ट्रात त्यांना कारवान म्हणतात, कर्नाटकातल्या मुधोळच्या राजेसाहेबांनी ही जात जोपासली म्हणून मुधोळही म्हणतात. पुढे 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळला मान मिळाला. 2016 साली तर मुधोळ कुत्रे शिकण्यासाठी सैन्यात गेले. पण त्या दिवशी अल्सेशियनभोवती गर्दी आणि कारवानजवळ आम्ही तिघंच, असं चित्र होतं.

एका गृहस्थांनी आमच्या जंजीरकडे बघून विचारलं, "हा कोणत्या जातीचा?"

आबाजी म्हणाले, "अमरावतीचा."

ते हसले. मला राग आला. 1957 साली अवकाशात गेलेली रशियाची लायका मॉस्कोच्या रस्त्यावरचीच कुत्री होती, हे आम्हांला विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं. थंडी-उपाशीपणा सोसलेलं जनावर काटक असतं म्हणून शास्त्रज्ञांनी मुद्दाम रस्त्यावरचे कुत्रे निवडले होते. बिचारी लायका परत आली नाही. पण हे उत्तर मला सुचलं ते परतीच्या वाटेवर, बोरगाव मंजू गेल्यानंतर. असंच असतं माझं.

गावठी गटात चार कुत्रे होते. परीक्षकांनी दात बघितले, कान बघितले, पाठीवरून हात फिरवला. परक्या माणसाने तोंडात बोटं घातली तरी जंजीर हलला नाही. मी श्वास रोखून उभी. पट्टा धरून गोल फेरी झाली. 'बस' झालं. 'ये' झालं. मग शेवटची परीक्षा. कुत्र्याला 'थांब' सांगून मालकाने वीस पावलं लांब जायचं आणि परीक्षक शिट्टी वाजवतील तोवर कुत्र्याने जागचं हलायचं नाही.

मी 'थांब' म्हटलं आणि लांब गेले. एक कुत्रा लगेच उठला. दुसरा आलुबोंड्याच्या गाडीकडे वळला. उरला एक शांत काळा कुत्रा आणि आमचा जंजीर. मैदान गप्प. आणि त्या शांततेत गर्दीतून एक बारीक आवाज ऐकू यायला लागला.

"...पंचवीस, सव्वीस, सत्तावीस..."

छोटू! कोणी न सांगता मोजायला लागला होता. जंजीरचा उभा कान तिकडे वळला. अठ्ठावीस. एकोणतीस. मी मनात म्हटलं, आता वीस म्हण रे बाबा, परत वीस म्हण! पण नेमकं त्याच दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, छोटू म्हणाला, "तीस!" स्वतःच थक्क झाला. एकतीस, बत्तीस, तेहतीस... गाडी जी सुटली ती सरळ पन्नासाला. आणि पन्नास झाल्याच्या आनंदात तो दोन्ही हात वर करून ओरडला, "झालं!"

शिट्टी वाजायची होती अजून. पण जंजीरला शिट्टी कोणी शिकवली होती? त्याला 'झालं' माहीत होतं. तो सुटला. माझ्याकडे नाही, सरळ गर्दीकडे. लोक बाजूला झाले. पोळ्याच्या दिवशी आला होता तसाच, त्याच वेगाने, तो छोटूच्या अंगावर चालून गेला. माझ्या पोटात गोळा आला. छोटू मात्र पळाला नाही. त्याने पाठ फिरवली आणि खांब झाला. डोळे घट्ट मिटलेले.

जंजीर त्याच्या मागे येऊन थांबला. चारही पाय जमिनीवर. मग बसला.

छोटूने एक डोळा उघडून मागे पाहिलं. आणि मग जे काही सुरू झालं, मान मिठीत घेणं, कान ओढणं, तोंडावरून जीभ फिरवून घेणं, ते आबाजींच्या एकाही नियमात बसत नव्हतं. आबाजी गर्दीकडे पाठ करून रुमालाने चष्मा पुसत होते.

आम्हांला तिसरं बक्षीस मिळालं. चार कुत्र्यांत तिसरं. चौथा आलुबोंड्याच्या गाडीपाशी सापडला. बक्षीस म्हणजे एक स्टीलचं भगुणं. घरी आल्यावर छोटूने त्याच्या आईला गोष्ट सांगितली ती अशी की आपण पहिलेच आलो. तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. रात्री तिने कुंपणावरून त्या भगुण्यात उरलेली खिचडी दिली, कांदा न घातलेली. कांदा कुत्र्यांना चालत नाही हे तिने कधी विचारून ठेवलं होतं कोण जाणे.

जंजीर 2013 पर्यंत आमच्याकडे होता. म्हातारपणी त्याला ऐकू कमी यायचं, मग आम्ही हाताच्या खुणा केल्या. 'झालं'ची खूण म्हणजे दोन्ही हात वर. आबाजी त्याच्या आधीच गेले. छोटू आता पुण्याला नोकरीला आहे आणि दिवाळीला आला की माझ्या मुलाला उजळणी शिकवतो. स्टीलचं भगुणं आमच्या फाटकाबाहेर असतं. उन्हाळ्यात मी ते दिवसातून दोनदा भरते. गल्लीतले कुत्रे येतात, पितात. एक तांबूस आहे, त्याचे मात्र दोन्ही कान उभे आहेत.

तर दर्यापूरच्या मैत्रिणी, तुझ्या बाबांना म्हणावं, तीन महिने द्या. लस दिलीय का तेही विचार, आजच. चपला उचलून कपाटात ठेवा, ते कुत्र्याला शिकवण्यापेक्षा सोपं आहे. आणि मे महिन्याच्या दुपारी त्याला डांबरी रस्त्यावर नेऊ नका. आपला उलटा हात रस्त्यावर टेकवून बघायचा, आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो.

तुम्हां बाकीच्यांना या आठवड्याचं काम असं. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी कागद घेऊन बसायचं आणि घरातला प्रत्येक जण त्याला बसायला सांगताना काय म्हणतो ते लिहून काढायचं. आजी-आजोबांसकट. ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांनी धाकट्या भावंडाला जेवायला बोलावताना घरातले काय काय म्हणतात ते लिहिलं तरी चालेल. सगळ्यांत लांब यादी जिच्या किंवा ज्याच्या घरची निघेल, त्यांचं पत्र मी पुढच्या वेळी इथे देईन. पत्त्याच्या बाजूला उभं लिहू नका मात्र, पोस्टमनकाका रागावतात.

तुमची,
बाई